विसरलेली जुडी

सॅमकाका नवगावकर काही विसरले असं कुणी सांगितलं असतं, तर अलिबागपासून सिंगापूरपर्यंत एकाही बेने इस्राएल घरात ते खरं वाटलं नसतं. कोकणातल्या आम्हा मराठी ज्यूंच्या चार पिढ्या काकांना पाठ. कुणाच्या लग्नात कुणाच्या सासूनं कुणाला काय टोमणा मारला, तेही पाठ. सिनेगॉगमध्ये प्रार्थना म्हणणाऱ्याचा एक शब्द इकडचा तिकडे झाला, की मागच्या बाकावरून काकांचा खणखणीत आवाज आलाच म्हणून समजा. लोक त्यांना मान देत आणि जमेल तेवढं टाळतही.

या स्मरणशक्तीचा काकांना गर्व होता, आणि गेल्या वर्षापासून तिचीच धास्ती होती. त्यांचे थोरले भाऊ शेवटी शेवटी स्वतःचं नावसुद्धा विसरले होते. त्यांची सुरुवात किरकोळच झाली होती, आधी चष्मा, मग किल्ली, मग घरचा रस्ता. म्हणून सिंगापूरला, बेडोकमध्ये, मुलीकडे राहायला आल्यापासून काका रोज सकाळी अंथरुणातच आपली परीक्षा घेत. याकोबाच्या बाराही मुलांची नावं ओळीनं म्हणायची, मगच पाय जमिनीला लावायचा. मुलीला, नंदाला, यातलं काही ठाऊक नव्हतं. ती घाबरेल, डॉक्टरांकडे नेईल, आणि डॉक्टर काय सांगतील ते ऐकायची काकांची छाती नव्हती.

नंदाच्या इमारतीच्या, तिथल्या भाषेत ब्लॉकच्या, खाली रहिवाशांची बाग होती. तिथं काकांना एक वाफा मिळाला आणि त्यांनी त्यात मेथी, भेंडी आणि सब्जा लावला. वाफा कसला, चटईएवढा तुकडा. पण काका त्यावर मोशेचं अख्खं शास्त्र चालवायचे. शेताचे कोपरे कापायचे नाहीत, ते गरिबाला आणि परक्याला सोडायचे, असा आमचा फार जुना नियम. काकांनी चारही कोपरे सोडले. उरलेल्या मेथीची एका वेळची भाजी होईना.

"पप्पा, मग आपल्याला काय, मधली दोन पानं?" नंदा कपाळाला हात लावून म्हणायची.

"आजोबा, सो स्मॉल प्लॉट, नोबडी चेकिंग लाह," नात अनुया म्हणायची. ती मराठी सगळं समजायची, उत्तर मात्र इंग्रजीत द्यायची.

"नियम काय एकर मोजून लागतो का?" काका विचारायचे, आणि कोपऱ्यातली मेथी शेजारच्या चिनी आजीबाई खुशाल खुडून न्यायच्या.

एकच नियम काकांच्या हातून कधी पाळला गेला नव्हता. पीक घरी आणताना एखादी पेंढी शेतात विसरली, तर ती आणायला माघारी जायचं नाही. ती परक्याची, पोरक्याची, विधवेची. आता हा नियम ठरवून पाळणार कसा? मुद्दाम सोडली तर ते दान झालं, विसरणं नव्हे. विसरभोळ्या लोकांना फुकटात मिळणारं हे पुण्य आपल्याच नशिबी का नाही, म्हणून काका तरुणपणी चक्क चिडायचे. अलीकडे मात्र ते हा विषय काढत नसत.

अनुयाच्या परीक्षेचा निकाल उत्तम लागला, तेव्हा नंदानं रविवारी संध्याकाळी घरी मलिदा ठेवला. मलिदा म्हणजे एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावानं देवाचे आभार मानायचे. भिजवलेल्या पोह्यांत साखर, ओलं खोबरं, वेलची घालायची, भोवती फळं मांडायची, आणि वास घेऊन आशीर्वाद म्हणायला ताजा सब्जा ठेवायचा. पोहे लिटिल इंडियातून आले. सब्जा मात्र काकांच्या वाफ्यातला. असा सुवासिक सब्जा साऱ्या सिंगापुरात मिळणार नाही, असं ते आठवडाभर येईल त्याला ऐकवत होते.

संध्याकाळी पाहुणे जमले. पाया लेबारच्या बँकेतला अभय किहीमकर बायकोला घेऊन आला, आणखी दोन-तीन घरं आली. डोक्यांवर टोप्या चढल्या, ओढण्या आल्या. ताट सजलं.

"पप्पा, सब्जा द्या ना," नंदा म्हणाली.

काकांनी बागेतून आणलेली पिशवी उघडली. मेथी होती, भेंडी होती. सब्जा नव्हता. मग आठवलं. बागेतल्या नळावर हात धुताना त्यांनी जुडी तिथल्या बाकावर ठेवली होती.

"काका, तुम्ही? आणि विसरलात?" अभय मोठ्यानं हसला. बिचाऱ्यानं गमतीनंच म्हटलं होतं. पण भाऊंचा तो हरवलेला चेहरा काकांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. ते तसेच अनवाणी बाहेर कॉरिडॉरमध्ये गेले. मागोमाग नंदा धावली. अनुयानं पुढे होऊन लिफ्टचं बटण दाबलं.

"आय गो अँड टेक, आजोबा. यू वेट!"

काकांनी कठड्यावरून खाली पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरून बाग स्वच्छ दिसायची. बाकावर एक बाई बसली होती. समोरच्या ब्लॉकमधल्या आजारी म्हातारीला सांभाळणारी इंडोनेशियाची सुलास्त्री. तिच्या मांडीवर काकांची जुडी होती. तिनं ती उचलून नाकाशी धरली आणि डोळे मिटून घेतले. बराच वेळ ती तशीच बसून राहिली.

"थांब!" काका ओरडले. अनुया लिफ्टच्या दारातच थबकली. "मागं जायचं नाही! नंदा, मी ती खरंच विसरलो ना? मुद्दाम नाही ना ठेवली?"

"पप्पा, असं काय करताय?" नंदाचा चेहरा उतरला.

"अगं, विसरलो! विसरलेली पेंढी! सगळी हयात गेली गं या एका नियमावाचून!" काका हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "भाऊंसारखं माझं होतंय की काय, म्हणून वर्षभर जीव मुठीत धरून आहे मी. आणि विसरलो तर काय झालं बघ. ती बघ खाली!"

नंदानं खाली पाहिलं, मग वडिलांकडे. तिनं त्यांचा हात घट्ट धरला. "वर्षभर? मला सांगायचं नाही का?"

"विसरलो," काका म्हणाले. मग तिलाही हसू आवरेना.

आरडाओरड ऐकून सुलास्त्रीनं वर पाहिलं आणि दचकून जुडी उंच धरली. "अंकल! धिस वन युवर्स आह?"

"नो, नो! युवर्स! ऑल युवर्स!"

तिचा काही विश्वास बसेना. ती जुडी घेऊन वरच आली आणि दारात उभी राहून ती पुढे करू लागली. आमच्या गावी परसात हाच वास यायचा, आई भाताबरोबर हीच पानं द्यायची, असं तिनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. इकडे पाहुण्यांत वाद पेटला. अभय म्हणाला, परत घेतली तर नियम मोडतो. त्याची बायको म्हणाली, जुडी म्हणजे काही पेंढी नव्हे. काकांनी सगळ्यांना गप्प केलं.

"जुडी तिची. तिच्यातलं ती आपणहून काही देईल, तर ती भेट. भेट घ्यायला कुणाची मनाई आहे?"

अनुयानं हे सुलास्त्रीला समजावलं. तिनं हसून दोन डहाळ्या खुडल्या आणि काकांच्या हातात ठेवल्या. नंदानं तिला हाताला धरून आत आणलं आणि ताटाशेजारी बसवलं.

त्या दोन डहाळ्या हातोहात फिरल्या, सगळ्यांनी वास घेतला, आशीर्वाद झाला. मग काकांनी एलियाहूचं गाणं म्हणायला घेतलं. आवाज आज असा लागला होता की समोरच्या ब्लॉकमध्ये ऐकू जावा. आणि मधल्याच एका कडव्यात ते अडले. शब्द येईना. काकांना शब्द सुचवायची सवयच कुणाला नव्हती.

शब्द आला तो अनुयाकडून, जुना, हिब्रू, अगदी काकांच्याच चालीत. तिला तो त्यांनीच शिकवला होता. काकांनी तिच्याकडे पाहिलं. विसरलेला तो शब्द त्यांनी त्या जुडीसारखाच तिच्याकडे राहू दिला, परत घेतला नाही, मान डोलावली आणि ते पुढची ओळ म्हणू लागले.