खुराड्यातली मशीनं

हे लिहायचंच नाही, असं लाउतारोने जवळजवळ ठरवून टाकलं होतं. कारण यात काही घडतच नाही. काही बंद पडत नाही, कुणी चोरी करत नाही, दूध नासत नाही. असली गोष्ट कोण वाचणार? पण हल्ली त्याच्या ऑफिसात पहिली कॉफी व्हायच्या आत स्क्रीनवर सगळं ठरलेलं असतं. सॉफ्टवेअरमधली कुठली फट आधी, कुठली नंतर, प्रोग्रामच आकडे लावून मोकळा होतो. कुणी भांडत नाही. आणि त्या शांततेत त्याला शहरातल्या व्हिया क्रेस्पो भागातला जुना शिवणकारखाना आठवत राहतो.

कारखाना म्हणजे तेव्हाचं त्यांचं ऑफिस. शिलाई मशीनं कधीच गेली होती. त्यांच्या जागी लोखंडी मांडण्यांवर भंगारातून आणलेले कॉम्प्युटर घरघरत बसलेले. त्या मांडण्यांना सगळे खुराडं म्हणायचे. काम असं की जगात रोज कुठल्या ना कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये फट सापडते. त्यातली खरी धोक्याची कुठली ते ठरवायचं. मग त्या फटीतून आत शिरणारा प्रोग्राम, म्हणजे एक्सप्लॉइट, लिहायचा. तो खुराड्यात तपासायचा. आणि मग गिऱ्हाइकाच्या परवानगीने त्याच्याच मशीनवर चालवून दाखवायचा, की बघा, चोर असा आला असता.

कुठली फट आधी घ्यायची, हे सोमवारी ठरायचं. माते फिरायचा, म्हणजे कडसर पानांचा गरम काढा, सगळ्यांना मिळून पोकळ भोपळ्याचा एकच पेला, एकच नळी. ज्याच्या हातात माते, बोलायचा हक्क त्याचा. नळी खुळखुळ वाजली की त्याची वेळ संपली. त्यांच्यातला एलिसेओ मुद्दाम घोट घोट प्यायचा.

ज्या सोमवारची ही गोष्ट, त्या सोमवारीही तो घोट घोट पीतच बसला होता. एलिसेओ सांता फे प्रांताकडच्या दूधपट्ट्यातला. त्याच्या गावच्या दूध सोसायटीने पहिल्यांदाच तपासणी करून घ्यायचं कबूल केलं होतं, तेही त्याच्या शब्दावर. त्याचे बाबा रोज तिथेच दूध घालायचे. सोसायटीतल्या थंड टाक्यांवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर दुनियेत फार कुणी वापरत नव्हतं, पण त्यात फट होती आणि एलिसेओने तिच्यासाठी एक्सप्लॉइट लिहून ठेवला होता. त्याचं म्हणणं, या आठवड्यात सगळं खुराडं मला द्या.

लाउतारोकडे मेल सर्व्हरमधली फट होती. साऱ्या जगात गाजलेली.

"दूधवाल्या," तो म्हणाला, "तुझं सॉफ्टवेअर तू, तुझे बाबा आणि चार गाई वापरतात."

"गाईंना पासवर्ड आहे, लुकड्या. तुझ्या मेल सर्व्हरला तोही नाही."

सगळे हसले, पण खुराडं लाउतारोला मिळालं. मिर्ता या सगळ्यांची प्रमुख. तिचा हिशेब साधा होता. किती लोक वापरतात, एक्सप्लॉइट दर वेळी चालतो का, आणि चुकला तर काय बंद पडतं. पहिल्या प्रश्नातच एलिसेओ हरला. तरी जाता जाता मिर्ताने त्याचा एक्सप्लॉइट दोन-तीन मशीनवर स्वतः चालवला. त्यांच्याकडे रीतच होती. हल्ला करायचा, खाली जाऊन मिलानेसा, म्हणजे तळलेला मांसाचा काप, खायचा, आणि परत आल्यावर ते सॉफ्टवेअर चालू असेल तरच एक्सप्लॉइटला 'तपासलेला' म्हणायचं. ते चालू होतं. एलिसेओने गावची बस पकडली.

लाउतारोला त्यानंतरची ती सकाळ अजून दिसते. लोमास उपनगरात, घराशेजारच्या फोन-इंटरनेटच्या दुकानात तो दुकानमालक ओस्वाल्दोंशी फुटबॉलवरून वाद घालत उभा होता. समोर एक शाळकरी मुलगी कॉम्प्युटर बंद करत होती. स्क्रीनवर 'बंद करा' वगैरे जे शब्द होते ते स्पॅनिशमधले.

साधे शब्द. देशातल्या प्रत्येक बँकेत, दवाखान्यात, शाळेत तेच. फक्त खुराड्यात नाही. कारण प्रोग्रामर मंडळी विंडोजचं ते स्पॅनिश भाषांतर बघून नाक मुरडायची, आणि आलेल्या प्रत्येक मशीनवर आधी इंग्रजी विंडोज चढवायची. इतकी सवय, की ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही. एक्सप्लॉइटला मेमरीतल्या नेमक्या पत्त्यावर उडी मारावी लागते. विंडोजची भाषा बदलली की तो पत्ता हलतो. चुकीच्या पत्त्यावर उडी पडली की सॉफ्टवेअर जागच्या जागी मरतं. आणि सोसायटीत ते सॉफ्टवेअर टाक्या थंड ठेवत होतं.

त्याने ओस्वाल्दोंना विचारलं, कोपऱ्यातलं मशीन थोडा वेळ देता का, कदाचित बिघडेल, बिघडलं तर मीच नीट करून देईन. ते म्हणाले, तसंही त्यावर कुणी बसत नाही, पंखा गातो त्याचा. लाउतारोने त्यावर ऑफिसच्या सर्व्हरवरून टाक्यांच्या सॉफ्टवेअरची चाचणीची प्रत उतरवून टाकली, शेजारच्या मशीनवरून एलिसेओचा एक्सप्लॉइट सोडला.

जेवायला जायची गरजच पडली नाही. स्क्रीनवरची सॉफ्टवेअरची खिडकी थरथरली आणि गायब झाली.

"मेलं?" ओस्वाल्दोंनी विचारलं.

लाउतारो तोवर फोनच्या खोलीत शिरला होता. सोसायटीतला फोन एका बाईने उचलला. एलिसेओला द्या म्हटल्यावर ती म्हणाली, तो आत आहे, सगळी पंचमंडळी बसलीत, बाबाही आलेत त्याचे, इस्त्रीचा शर्ट घालून. नंतर करा. लाउतारो म्हणाला, ताई, पाया पडतो, आत्ता बोलवा. ती गेली. रिसीव्हरमधून लांबवर टाक्या थंड ठेवणाऱ्या यंत्रांची घरघर ऐकू येत होती. ती बंद पडतेय का, एवढंच तो ऐकत होता.

"लुकड्या, काय रे?" एलिसेओचा आवाज. "सगळे वाट बघतायत."

"सोडलास?"

"सोडणारच होतो."

"सोडू नको. तिथलं विंडोज स्पॅनिश आहे ना?"

एलिसेओला पुढचं सांगावं लागलं नाही. तो हळूच काहीतरी पुटपुटला, आपल्या सगळ्यांच्या आयांचं नाव घेऊन.

"आता आत जाऊन काय सांगू?" तो म्हणाला. "म्हणू, तुमच्यात फट आहे, पण दाखवता येत नाही? बाबा सगळ्यांना सांगत सुटलेत, पोरगा शहरातून जादू शिकून आलाय."

लाउतारो म्हणाला, खरं ते सांग. आम्ही तुमच्याकडे आहे तसल्या मशीनवर तपासलेलं नाही, म्हणून हात लावत नाही. एलिसेओ म्हणाला, हे ऐकायला चांगलं वाटतं, पण तिथे उभं मला राहायचंय, तुला नाही. आणि ते खरंच होतं. सोमवारी लाउतारोने थोडा कमी हट्ट केला असता, सोसायटीसारखं मशीन लावून बघायला एलिसेओला आठवडा मिळाला असता, तर एलिसेओ आज असा अडकला नसता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मागून कुणीतरी एलिसेओला हाक मारली. म्हाताऱ्या माणसाचा आवाज होता.

"हे बघ," लाउतारो घाईने म्हणाला, "मी स्पॅनिश विंडोजमधला नेमका पत्ता शोधतो. ओस्वाल्दोंचं हे मशीन मागून घेतो, मांडीवर घेऊन बसमधून येतो. तुझ्या बाबांच्या समोर, तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर चालवतो. सोसायटीच्या टाक्यांना बोटही न लावता त्यांना फट दिसेल. आणि ते मशीन बंद पडलं, तर मीच त्यांना सांगेन की चूक आमची आहे, तुमच्या पोराची नाही. रविवारी येतो, एलिसेओ. शब्द देतो."