उतारबाबांची टेकडी

शिरोड्याच्या टेकडीवर माणसांचं वारूळ फुटलं होतं. धापा टाकत वर पोचणाऱ्या प्रत्येकाच्या दंडाला उतारबाबा रक्तदाबाचं यंत्र बांधत. "एकशे नव्वद!" मग कपाळाला भस्म, फणसाखाली घटकाभर झोप, आणि पुन्हा यंत्र. "दीडशे! यंत्र साहेबाचं, भस्म देवाचं!"

रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे, मालक दाजी रक्तदाबाचे जुने दुखणेकरी. आपलाही दाब उतरलेला बघून ते तर आनंदानं रडलेच. बाबा म्हणाले, "गोळ्या दर्याला अर्पण कर. रापण दम कोंडून ओढ. दाब घामावाटे जाईल."

"अवो, डाक्टरांनी जोर करू नकात म्हणान सांगल्यानी ना?" बायको, नर्मदा, कळवळली.

"तुझो डाक्टर देवापेक्षा मोठो?" दाजींनी गोळ्या दर्यात भिरकावल्या.

आठवडाही गेला नाही. रापणीची दोरी हातात असतानाच दाजी वाळूत कोसळले. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं. लोक भारावून म्हणाले, "बाबांनी अर्धो तरी राखल्यानी!"

नर्मदेनं डॉक्टर नाबरांना टेकडीखाली आणून उभं केलं. बाबा नेहमीसारखे वर जायला डोलीत बसत होते. डॉक्टरांनी त्यांचा दाब मोजला, बेताचा होता. मग त्यांचंच भस्म त्यांच्या कपाळाला फासलं. "आज पायी चला. भस्म खरं असेल तर दाब चढायचा नाही."

"चढा बाबा!" भक्तांनीच मागून ढकललं.

वर बाबा फाटक्या भात्यासारखे फुसफुसत होते. यंत्र म्हणालं, दोनशे दहा.

"एखादी गोळी... द्या..."

"दर्यात आसत," नर्मदा म्हणाली. "तुमीच टाकूक सांगलात."

डॉक्टरांनी भस्म पुसलं, बाबांना फणसाखाली आडवं केलं. घटकाभरानं दाब भस्माशिवाय उतरला.

"टेकडी चढून आलात की चढतो, पडून राहिलात की उतरतो," डॉक्टर म्हणाले. "दुखणं तिथंच."

बाबा टेकडी सोडून गेले. आता संध्याकाळी नर्मदा दाजींना वाळूतून चालवते. चालताना बोलता आलं पाहिजे, बोलणं तुटलं की थांबायचं, हा डॉक्टरांचा नियम. गोळी रोज. दम कोंडून जोर कधीच नाही. यात चमत्कार नसल्यामुळे बघायला गर्दी नसते.

"बोला काय तरी," ती म्हणते.

दाजी उरलेल्या अर्ध्या तोंडानं विचारतात, "बाबा... आता खंयच्या टेकडीर आसत?"

वाचकहो, तुम्हालाही तोच पत्ता हवा असेल, तर आधी घटकाभर स्वस्थ पडा. मग डॉक्टरकडे जा. तिथं चालत गेलात तरी चालेल, पण हळू.