मॅडम बसल्या असताना

वनजानं नमुन्याचा शर्ट सतरंजीवर पसरला, कॉलर उलटी करून आतली दुहेरी शिलाई बोटानं दाखवली आणि कन्नडमध्ये विचारलं,

"मग सोमवारपासून सुरू करायचं?"

समोर बसलेल्या सतरा बायकांनी माना डोलावल्या. दोघी-तिघी "हूं मॅडम" म्हणाल्या. भिंतीला टेकून बसलेल्या लक्ष्मीदेवीनं मान हलवली ती सगळ्यांची हलवून झाल्यावर. सोयराबाई मात्र खाली बघून सुईत दोरा ओवत होत्या. ओवून झाला तसा त्यांनी तो ओढून काढला आणि पुन्हा ओवायला घेतला.

"कुणाला काही अडचण?"

कुणालाच काही नव्हती.

काम म्हैसूरच्या कडेच्या हेब्बाळमधल्या एका कारखान्याचे गणवेश शिवायचं होतं. त्या कामासाठी वनजा चार महिने खेटे घालत होती. ग्रामीण विकासाच्या प्रादेशिक केंद्राची ती नऊ वर्षं संचालक होती. केंद्राच्या हाताखाली बेचाळीस गावं होती आणि दर तीन-चार गावांमागे एक अधिकारी होता. पण येलवालच्या पुढे आत वळून लागणाऱ्या या अरळीकट्टे गावाला तिनं कधी दुसऱ्या कुणाला पाठवलं नाही. दर गुरुवारी अकरा वाजता ती स्वतः जीपमध्ये बसायची. ही पत्र्याची शेड तिनं उभी करवली होती, वीज आणवली होती, अकरा शिवणयंत्रं मिळवली होती. बाहेरून पाहुणे आले की त्यांना इथंच आणलं जाई.

बैठक मोडली. एरवी बायका घोटाळत, कुणी घरच्या पपईची फोड आणून देई. आज त्या भराभर उठल्या आणि चपला शोधू लागल्या.

"वनजाबाई," सोयराबाई मराठीत म्हणाल्या, "जीपवाल्याला थोडं थांबा म्हणून सांगा. दोन शब्द बोलायचेत."

सोयराबाई पासष्टीच्या. म्हैसूरच्या विठ्ठलभक्त शिंप्यांच्या घरातल्या, लग्न होऊन या गावात आलेल्या. पन्नास वर्षं कन्नड गावात राहूनही त्यांची मराठी टिकली होती. जरा वाकडी झाली होती, पण टिकली होती. वनजाची आई, गिरिजाबाई, तीन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून वनजा मराठीत बोलायची ती फक्त गुरुवारी, बैठक संपल्यावर, या शेडच्या दारात. मग कधी डाळीच्या फोडणीवरून, कधी गुडघ्यावरून, कधी कशावरूनच नाही, असं अर्धा तास चालायचं. परतीच्या वाटेवर तिला आपलाच आवाज वेगळा वाटायचा.

"बोला ना," ती हसून म्हणाली.

सोयराबाई बसल्या नाहीत. शेड रिकामी झाल्याचं त्यांनी आधी वळून पाहिलं.

"बायकांच्या मनात नाही हे काम."

"आत्ता तर सगळ्या हो म्हणाल्या."

"म्हणाल्या की. तुम्ही बसलेल्या असताना 'नको, बेडा' असं तोंडावर कोण म्हणणार? पत्रा तुमचा, मशिनी तुमच्या, वीज तुम्ही आणलीत. ज्यानं दिलं त्याला नको कसं म्हणायचं, सांगा?"

"मी कधी कुणाला गप्प बसवलं?"

"नाही बसवलंत. तुम्ही चांगल्या आहात, म्हणूनच जास्त कठीण, अल्वा? नाही का?"

वनजानं शर्ट उचलला आणि घडी घालायला घेतली. एक बाही आत गेली, दुसरी बाहेरच राहिली.

"अगरबत्तीचं आठवतं?" सोयराबाईंनी विचारलं.

आठवत होतं. पहिला उद्योग तोच होता. आठ महिने चालला आणि बंद पडला. माल बाजारात टिकला नाही, असं वनजानं अहवालात लिहिलं होतं.

"पहिल्या आठवड्यातच आम्हाला कळलं होतं. त्या पुडीनं सगळ्यांना खोकला लागला. माझी सून रात्र रात्र उठून बसायची. आठ महिने आम्ही काड्या वळल्या. का? तर मॅडमना वाईट वाटेल म्हणून."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तेच सांगते आहे आता."

बाहेर जीपवाल्या रंगनाथनं काच पुसायला घेतली होती. फडक्याचा आवाज येत होता.

"तुम्ही तरी सांगायचं होतंत, सोयराबाई. आपण दर गुरुवारी बोलत होतो."

सोयराबाईंनी सुई पदराला टोचून ठेवली. "मला वाटायचं, हे सांगितलं तर ते बोलणं बंद होईल. माझ्याशी तरी घरात मराठी कोण बोलतं? सून बोलत नाही, नातवंडं हसतात." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "मंगळवारी मारम्माच्या देवळात बसलो होतो सगळ्या. तीन तास. भांडलो, अय्यो, काय भांडलो! ती लक्ष्मीदेवी, जिचं तोंड तुम्ही कधी उघडलेलं बघितलं नाही, ती सगळ्यात जास्त बोलली. म्हणाली, गणवेशात एकीनं दिवसभर नुसत्या कॉलरी करायच्या, दुसरीनं नुसती काजं. तीन महिन्यांनी शिवण विसरून जाऊ. त्यापेक्षा परकर, झबली, पोरींचे झगे आपण पुरे शिवू, हुणसूरच्या आठवडी बाजारात नेऊ. बुडालो तर आपण बुडू."

"बुडाल तर?" वनजानं लगेच विचारलं. आपण केवढ्या घाईनं विचारलं ते तिचं तिलाच जाणवलं.

सोयराबाईंनी पदराला टोचलेली सुई चाचपून पाहिली.

"बरं," वनजा म्हणाली. "गणवेशाचं मी बघते."

"आणखी एक आहे. मला पाठवलंय त्यासाठीच. म्हणाल्या, तुमच्या भाषेत सांगा, मनाला कमी लागेल." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "येत्या गुरुवारपासून तुम्ही बैठकीला येऊ नका."

वनजानं पुन्हा घडी उलगडली आणि पुन्हा घातली. या वेळी ती नीट बसली.

"किती दिवस?"

"आम्ही बोलावू."

"हे त्यांनी ठरवलं, की तुम्ही?"

"हात वर केले होते सगळ्यांनी. माझाही होता."

दारापर्यंत त्या बरोबर आल्या. जीपच्या पायरीवर पाय ठेवताना वनजाला काहीतरी साधं, नेहमीचं बोलायचं होतं, पण मराठीतला एकही शब्द पुढं येईना. "बरते," ती कन्नडमध्येच म्हणाली, येते. सोयराबाईंनी मान हलवली.

येलवाल गेलं. हेब्बाळपाशी कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग लागली होती. रंगनाथनं आरशातून दोनदा पाहिलं, पण विचारलं काही नाही. गेली नऊ वर्षं तो तिची गाडी चालवत होता आणि त्यानं स्वतःहून तिला कधीच काही विचारलं नव्हतं. हे आज पहिल्यांदा तिच्या ध्यानात आलं.

जयलक्ष्मीपुरमच्या तिच्या घरात वरच्या मजल्यावर विद्यापीठातल्या दोन मुली भाड्यानं राहत. त्या आल्यागेल्याचा आवाज जिन्यात यायचा तेवढाच. संध्याकाळी बंगळूरहून भावाचा फोन आला. दामोदररावांनी इंग्रजीत तब्येत विचारली, कन्नडमध्ये हवा सांगितली. "काय विशेष?" एवढं एकच ते मराठीत विचारत, आईच्या सवयीनं.

"काही नाही," वनजा म्हणाली. तिकडून "ओके" आलं.

दुसऱ्या दिवशी गंगाधरराव फाईल घेऊन तिच्या खोलीत आले. ते उपसंचालक, तिच्यासारखेच जुन्या म्हैसूरच्या मराठी शिपाईगड्यांच्या वंशातले, पण त्यांच्या घरातली मराठी आजोबांबरोबर संपली होती. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला.

"मॅडम, कारखान्याला आपण शब्द दिलाय. पुढच्या महिन्यात बंगळूरहून पाहणीला लोक येणार आहेत, ते अरळीकट्टेच बघणार. तुम्ही एकदा जाऊन बसा. तुमचा एक शब्द पुरे आहे. नाही म्हणायच्या नाहीत त्या."

"माहीत आहे," वनजा म्हणाली.

"मग?"

"म्हणूनच जायचं नाही."

गंगाधररावांनी चष्मा पुन्हा घातला. "कारखान्याला कारण काय लिहू?"

"त्यांना नको आहे, असं लिहा."

"एवढंच?"

"दुसरं कारण नाहीच."

ते गेले. दाराशी त्यांनी खांदे किंचित उडवले. तिनं ते पाहिलं आणि तिला जरा बरं वाटलं. एवढी नापसंतीसुद्धा आजवर कुणी तिच्यासमोर दाखवली नव्हती.

पुढच्या गुरुवारी सकाळी अकराला तिनं सगळ्या अधिकाऱ्यांची बैठक ठेवली. त्या वेळी ती कधी केंद्रात नसायची, त्यामुळे लोक बिचकतच आत आले. विषय एकच होता: कारखान्याचं काम दुसऱ्या एखाद्या गावाला द्यायचं, की गावांनी मागितल्याशिवाय यापुढे कुठलाच उद्योग न्यायचा नाही. तिनं आपला विचार आधीच बोलून दाखवला, सवय होती. गावांनी मागायला हवं, ती म्हणाली. बाराजणांनी माना डोलावल्या. टेबलाच्या टोकाला बसलेली तुंगा, दोन वर्षांपूर्वी रुजू झालेली, वहीत खाली बघून लिहीत होती. लिहिण्याजोगं तोवर कुणी काही बोललं नव्हतं.

"कुणाचं वेगळं मत?"

"नाही मॅडम."

वनजा टेबलावरच्या त्या माना बघत राहिली. किती सारख्या हलतात, तिच्या मनात आलं. मग ती उठली. सगळेच अर्धवट उठले.

"बसा. तुम्ही ठरवा आणि मला कळवा. मी बाहेर आहे."

"पण मॅडम, तुमच्याशिवाय..." गंगाधरराव म्हणाले.

"माझं बोलून झालंय. ते धरू नका. तुमचं ठरवा."

तिनं दार ओढून घेतलं आणि व्हरांड्यात उभी राहिली. आत बराच वेळ काहीच ऐकू येईना. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कुणी खोकललं. मग गंगाधररावांचा बारीक, समजावणीचा सूर, आणि तो मध्येच तोडत तुंगाचा, चांगला खणखणीत.

"मागितल्याशिवाय द्यायचं नाही म्हणजे काय? माझ्या गावांत मागायचं असतं हेच ठाऊक नाही बायकांना. एका गावानं नको म्हटलं म्हणून बाकीच्यांनी का उपाशी बसायचं? मॅडमचं हे चुकतंय."

मग तीन-चार आवाज एकदम. कुणीतरी टेबलावर थाप मारली. कुणीतरी मोठ्यानं हसलं. या इमारतीत असं हसू तिनं ऐकलं नव्हतं. किंवा हसत असतील दर गुरुवारी, ती गेल्यावर.

तिचा हात दाराच्या कडीकडे गेला. तुंगाला सांगण्यासारखं तिच्याजवळ पुष्कळ होतं. मुलगी अर्धी बरोबर होती, अर्धी चूक. कुठली अर्धी चूक तेही वनजाला सांगता आलं असतं. कडीला हात लावून ती थोडा वेळ उभी राहिली. मग हात काढून घेतला.

तिची खोली व्हरांड्याच्या पलीकडच्या टोकाला होती. तिकडं जायचं तर बैठकीच्या खोलीच्या खिडक्यांवरून जावं लागलं असतं. ती दिसली असती आणि आतलं बोलणं थांबलं असतं. म्हणून ती मागच्या जिन्यानं खाली उतरली.

खाली पायरीवर रंगनाथ बसला होता, पाय लांब करून, चपला बाजूला काढून. तिला बघताच तो ताडकन उठला, चपला पायात सरकवल्या, किल्ली काढली.

"अरळीकट्टे, मॅडम?"

"नको."

"मग कुठं?"

"कुठंच नाही."

ती त्याच पायरीवर बसली. दगड उन्हानं तापला होता. आवारातल्या शेवग्याखाली दोन खारी एकमेकींच्या मागं धावत होत्या. वरच्या मजल्यावरून तुंगाचा आवाज पुन्हा आला, शब्द कळत नव्हते. रंगनाथ किल्ली हातात धरून जीपपाशी उभाच होता.

"बसा ना, रंगनाथ," ती म्हणाली आणि पायरीवर सरकून तिनं जागा केली.

"असू दे, मॅडम."

"ऊन आहे तिथं."

"बरं आहे, मॅडम." तो सावलीकडं अर्धं पाऊल सरकला आणि तिथंच उभा राहिला, हात मागं बांधून.

तिनं आणखी थोडा वेळ वाट पाहिली. त्याच्या कपाळावर घाम आला होता, पण तो पुसायला त्यानं हात सोडले नाहीत. मग वनजाच उठली, साडीची धूळ झटकली आणि कशाला निघालो ते न सांगता फाटकाकडं चालू लागली. हुणसूर रस्त्यावर पोचल्यावर तिनं मागं वळून पाहिलं. रंगनाथ पायरीवर बसला होता आणि एकेक करून चपला काढत होता.