उपवास कुणाविरुद्ध?

दिनानाथ रणपिसे जानेवारीत अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झाले, पण त्यांचा डबा काही निवृत्त झाला नाही. हे लक्षात यायला त्यांना महिना लागला. तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा, झाकणावर त्यांचा टोकन नंबर खिळ्याने कोरलेला. दर बुधवारी आणि शुक्रवारी अकराच्या सुमारास तो फडताळातून गायब व्हायचा आणि संध्याकाळी घासूनपुसून जागेवर हजर. चौतीस वर्षं इन्स्पेक्शनमध्ये काढलेल्या माणसाला कामाला लागायला एवढं पुरे असतं. त्यातून घरात तपासण्यासारखं दुसरं काही उरलंही नव्हतं. गॅसच्या नळीवरची तारीख त्यांची दोनदा वाचून झाली होती.

डब्याच्या दिवशी शीला, त्यांची बायको, दुपारी जेवायची नाही, हेही त्यांनी टिपलं. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीचे उपवासाचे, चाळीस दिवस चालू होते आणि चर्चमध्ये उपवासाची साखळी लागली होती. रोज एका घरातल्या कुणीतरी दुपारचं जेवण सोडायचं, तेवढा वेळ प्रार्थनेला द्यायचा आणि आपल्या वाटणीचं जेवण डब्यात भरून ज्याला गरज आहे त्याला पोचवायचं, अशी रीत. म्हणजे प्रत्येक घराला फार तर एक दिवस. मग शीलाचे आठवड्यात दोन कसे? आणि डबा घेऊन ती जाते कुठे? त्यांनी विचारलं, तर उपवासाचा बोभाटा करायचा नसतो एवढंच ती म्हणाली आणि त्यांच्या ताटात आणखी भात वाढला. वाढून झाल्यावर ती ओट्याला टेकून उभी राहिली. तिला शुगर होती, सकाळची गोळी ती कधी चुकवत नसे.

त्या घरात एक विषय मात्र तपासणीच्या बाहेर होता. मुलगा प्रज्वल. दोन वर्षांपूर्वी त्याने यशोधराशी कोर्टात लग्न केलं. मुलगी बौद्ध, बँकेत नोकरीला, बोलायला गोड, तक्रार करावी असं काहीच नाही. पण लग्न चर्चमध्ये झालं नाही, बापाला आधी विचारलं नाही, आणि चर्चच्या मंडळीत तोंड कसं दाखवायचं, या तीन गोष्टी दिनानाथांच्या घशात अडकल्या त्या अडकल्याच. त्या घरचं मी पाणीसुद्धा पिणार नाही, असं ते तेव्हा म्हणाले होते, आणि शब्दाचे पक्के असल्यामुळे त्यांनी ते पाळलं. प्रज्वलने बदलापूर गावात जागा घेतली तेव्हा ते गेले नाहीत. यशोधराला सातवा लागलाय हेही त्यांना ऐकून ठाऊक होतं. आठवण कुठेतरी दुखायची, पण ते गॅसची नळी तपासायचे.

उपवासाबद्दल त्यांना स्वतःचा अनुभव होता. मागे युनियनने कारखान्याच्या गेटसमोर साखळी उपोषण केलं तेव्हा ते दोन दिवस मांडवात बसले होते. त्यातून एक गोष्ट ते शिकले. उपाशी माणसाची काहीतरी मागणी असते आणि ती मान्य करणारा एक मॅनेजर कुठेतरी बसलेला असतो. मग शीलाची मागणी काय? आणि मॅनेजर कोण?

गुरुवारी ते सरळ चर्चच्या ऑफिसात गेले. साखळीचा तक्ता भिंतीवर होता. त्यात शीलाचं नाव एकदाच होतं आणि प्रार्थनेच्या विनंतीच्या रकान्यात तिने फक्त ‘घर’ लिहिलं होतं. पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, वयाने प्रज्वलएवढे. त्यांनी दिनानाथांना खुर्ची दिली आणि आपण होऊनच विषय काढला. शीलाबाईंनी जेवण सोडायचंच नाही, असं त्यांनी तिला पहिल्याच रविवारी सांगितलं होतं. गोळ्या घेणाऱ्याने टीव्ही सोडावा, चहा सोडावा, राग सोडावा, देवाला सगळं चालतं.

“त्या मान हलवतात आणि मनाचंच करतात,” पाळकसाहेब म्हणाले. “उपवास म्हणजे देवाला घेराव नाही हो. तो ऐकतोच. आपल्याला ऐकू यावं म्हणून आपण पोट जरा गप्प बसवतो.”

दिनानाथांना हे बोलणं आवडलं, पण कोडं तसंच राहिलं. निघताना त्यांनी शुक्रवारच्या चौकोनात, तिथे आधीच असलेल्या दुसऱ्या एका नावाखाली, आपलं नाव लिहिलं. का, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. एकदा करून बघावं, आतून कसं दिसतं ते कळेल, असं काहीतरी.

शुक्रवारी शीलाने नुसत्या सकाळच्या गोळीवर, काही न खाता, शेपूची भाजी, मसूरची आमटी आणि भाकऱ्या केल्या, डबा भरला, पायात चपला घातल्या आणि दारातच भिंतीला टेकून खाली बसली. कपाळावर घाम. दिनानाथांनी धावत जाऊन साखरपाणी आणलं, तिला घोट घोट पाजलं. पाच मिनिटांत तिला हुशारी आली. पहिला प्रश्न तिने डब्याचाच केला. बारापर्यंत पोचायला हवा.

“कुठे?” दिनानाथांनी विचारलं.

तिने डबा जवळ ओढला. “बदलापूर गावात. यशोधराकडे. घरीच असते आता, डॉक्टरने आराम सांगितलाय. एकटीसाठी काही करून खात नाही.”

दिनानाथ खालीच तिच्या शेजारी बसले. चिडायची वेळ होती, पण चिडायला त्यांना काही सापडेना. आणि तेवढ्यात मॅनेजर कोण ते त्यांना कळलं.

“म्हणजे हे उपोषण माझ्याविरुद्ध होतं,” ते म्हणाले.

“सुरुवातीला नव्हतं,” शीला म्हणाली. “सुरुवातीला मी खरंच देवाशी बोलायची. मग बघायला लागले, मी जेवत नाही याकडे तुमचं लक्ष जातंय का. तुम्हाला वाढायचं आणि समोर उपाशी बसायचं. तुम्हाला बोचावं म्हणून. प्रार्थना राहिली बाजूला. अहो, माझा उपवास बिघडलाय, आणि मला तो थांबवता येईना.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दिनानाथांचा जीव तुटला. चौतीस वर्षं त्यांनी सदोष माल बाजूला काढला होता, पण हा दोष कुणाचा, हे त्यांना चांगलं कळत होतं. ते उठले, तिला हाताला धरून आत आणलं, ताट वाढलं आणि ती चार घास खाईपर्यंत समोरून हलले नाहीत. मग आज माझा उपवास आहे, असं म्हणून त्यांनी डबा उचलला.

दोन रिक्षा बदलून ते बदलापूर गावात पोचले. दार यशोधराने उघडलं. त्यांना पाहून ती गोंधळली, पदर सावरावा तशी ओढणी सावरली आणि म्हणाली, “सलाम, पप्पा. मम्मी बऱ्या आहेत ना?” ख्रिस्ती घरांतला हा सलाम तिला शीलानेच शिकवला असणार. दिनानाथांनी मान हलवली. चपला काढून ते आत आले आणि डबा तिच्या हातात दिला.

तिने डबा उघडला आणि दोन ताटं घेतली. एकात भाजी वाढून ती थांबली. “तुम्हीही बसा. मम्मी दर वेळी म्हणतात मी खाऊन आलेय, आणि मला माहीत असतं की नाही आल्या. मग माझ्याही घशाखाली उतरत नाही.”

माझा उपवास आहे, हे वाक्य दिनानाथांच्या अगदी ओठावर होतं. खरंही होतं. तक्त्यावर नाव होतं, साक्षीला पाळक होते. पण बोलण्याआधी त्यांनी ते वाक्य सवयीने तपासलं. इतकं सोयीचं कारण त्यांना दोन वर्षांत मिळालं नव्हतं. देवाचं नाव घेऊन या घरात उपाशी राहता आलं असतं, आणि शब्दही मोडला नसता. वाक्य त्यांनी नापास केलं.

ते खाली बसले, मांडी घातली. पोटात भूक होती, आणि ती चांगली वाटत होती.

“जेवतो,” ते म्हणाले. “पण आधी पाणी दे, पोरी.”

यशोधराने तांब्या-भांडं आणलं. त्यांनी भांडं तोंडाला लावलं ते रिकामं होईपर्यंत खाली ठेवलं नाही, आणि मग आणखी एक मागितलं.