कड्यावर बडवलेलं पातेलं

मित्रांनो, आधी नाक मुरडणं बंद करा! माझ्या बुडाला काळं दिसतंय ती घाण नाही, तीस वर्षांच्या चुलींची काजळी आहे. मी एक जुनं पातेलं, जर्मलचं. तुम्ही पुस्तकात ज्याला अॅल्युमिनियम म्हणता, त्याला नाशिकच्या भांडीबाजारात जर्मल म्हणतात. बारा माणसांची खिचडी एका दमात शिजवायची माझी ताकद! काठाखाली नाव कोरलंय, वाचा की: 'नंदू आणि मंडळी'. आता मी कॅनडात असते आणि तिथल्या एका बेटावर जे घडलं, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

नंदू म्हणजे नंदकुमार, माझा मालक. पंचविशीत त्यानं मला घेतलं आणि दर शनिवारी मंडळींबरोबर गडावर नेलं. साल्हेर म्हणू नका, कुलंग म्हणू नका, सगळे पालथे घातले. सॅकवर मला उलटं बांधायचे. नियम एकच, जो पातेलं वाहील, खरवड त्याची. बुडाला लागलेला तो खरपूस थर! त्यासाठी बँकेतले साहेबसुद्धा हमरीतुमरीवर यायचे. खिचडी झाली की नंदू माझ्या काठावर पळी आपटायचा, टण् टण् टण्! पाण्याला गेलेले, आडवे झालेले, सगळे जिथं असतील तिथून ओरडायचे, "आलो रे!"

वाटाड्या कायम नंदूच. "मळलेली पायवाट दिसली की धरायची," तो छाती काढून सांगायचा. "वाट आहे म्हणजे ती कुठल्या ना कुठल्या वाडीत जाणारच." सह्याद्रीत ते बहुतेक वेळा खरंही ठरायचं.

पुढे मंडळींचे गुडघे कुरकुरायला लागले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. किती वर्षं, कोण मोजतंय! नंदू सहासष्टचा झाला, आणि मॉंट्रियलशेजारच्या लव्हालला राहणाऱ्या आपल्या लेकीकडे, ऊर्मीकडे निघाला, तेव्हा त्याला माझी आठवण झाली. माझ्या पोटात भाजणी नि मेतकूट ठासून त्यानं मला बॅगेत कोंबलं.

"बाबा, इथे काय पातेली मिळत नाहीत का?" ऊर्मीनं कपाळावर हात मारला.

मला बेसमेंटमध्ये ठेवलं. आणि बर्फ पडायला लागल्यावर तो वितळवायला ड्राइव्हवेवर टाकायचं मीठ कशात भरलं असेल? माझ्यात! अहो, ज्या पोटात तूप घातलेली खिचडी रटरटली, त्यात रस्त्यावरचं मीठ! असा संताप आला म्हणून सांगू. पण पातेल्याचं ऐकतो कोण?

जूनमध्ये ऊर्मीनं सुट्टी टाकली आणि ग्रँड मनान बेटावर हायकिंगला जायचं ठरवलं. तिनं फोनवर फोटो दाखवला. समुद्रातून सरळ उठलेला काळाकभिन्न कडा!

"हा तर आपला कातळ!" नंदू खुर्चीतून उठलाच. "लाव्हाचाच ना हा?"

"हो बाबा. बेटाची ही अर्धी बाजू लाव्हाचीच आहे."

मग काय विचारता! पुढच्या मिनिटाला नंदू बेसमेंटमध्ये आणि मी नळाखाली. मीठ गेलं, मिठाचे पांढरे डाग गेले, काजळी मात्र त्यानं मुद्दाम ठेवली. पण ऊर्मीनं बजावलं, "तुमच्या गुडघ्यावर हे ओझं नको. जाई नेईल."

जाई म्हणजे ऊर्मीची बारा वर्षांची मुलगी. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. मला पाठीवर बांधल्याबरोबर ती किंचाळली, "आई, नो वे! आय लुक लाइक अ टर्टल!"

"खरवड तुझी," नंदूनं आमिष दाखवलं. दोन दिवसांच्या प्रवासात आणि शेवटच्या फेरीबोटीत त्यानं तिला खरवडीची, पळीची, 'आलो रे'ची इतकी वर्णनं ऐकवली की पोरगी कासव व्हायला तयार झाली.

आणि काय तो चढ! एकीकडे सूचिपर्णी झाडांचं गच्च रान, दुसरीकडे कडा, खाली दोन-अडीचशे फुटांवर समुद्र. इतक्या वर्षांनी पाठीवर बसून डोंगर चढताना मी अक्षरशः खुळखुळत होते. एका टोकावरून जाईला पाण्यात उसळलेलं कारंजं दिसलं. "व्हेल! आबा, व्हेल!" ती अशी नाचली की मी सॅकवरून निसटता निसटता राहिले. नंदू तर लहान मूल झाला होता. प्रत्येक दगडाला हात लावून म्हणायचा, "ओळखीचा आहे हो हा!"

माथ्याजवळ सपाट कातळ होता. शेकोटीला बंदी, म्हणून ऊर्मीनं छोटी गॅसची शेगडी पेटवली. माझ्यात तांदूळ-डाळ पडली, हिंगाचा वास सुटला. माळ्यावरची सगळी वर्षं मी त्या वासासरशी विसरले.

"तोवर पुढचा पॉइंट बघून येतो," नंदू म्हणाला. "ही बघ, छान मळलेली वाट आहे."

"फोन घ्या, बाबा."

"पाच मिनिटांसाठी कशाला? राहू दे पॉवरबँकेवर चार्जिंगला."

तो गेला आणि धुकं आलं. समुद्रावरून उठलं, झाडं गिळली, कडा गिळला, शेगडीपलीकडची जाई मला धुरकट दिसायला लागली. पाच मिनिटांची वीस झाली. ऊर्मी हाका मारायला लागली. "बाबा! ओ बाबा!" जाईचा आवाज चिरकला, "आबाऽऽ!" ओ नाही. ऊर्मीनं मदतीसाठी फोन लावला, तर रेंज नाही.

ऊर्मीनं वाकून ती मळलेली वाट पाहिली. चिखलात खुरांचे ठसे होते. "अगं, ही माणसांची वाट नाहीच. हरणांची आहे. इथं कुठली आलीय वाडी? ही नुसती कड्याच्या टोकाला जाते." ती दोन पावलं त्या वाटेवर गेली. जाईनं तिचं जॅकेट घट्ट धरलं. "आई, डोंट! यू विल फॉल टू!"

आणि मग पोरीनं पळी उचलली. माझ्या काठावर हाणली. भद्द! पुन्हा भद्द! भरल्या पोटी कुठला नाद येणार? ऊर्मीनं क्षणभर माझ्यातल्या वाफाळत्या खिचडीकडे पाहिलं. तीस वर्षांत माझ्यातलं एक शीत कुणी टाकलं नव्हतं, मित्रांनो. तिनं मला दोन्ही हातांनी उचललं आणि सगळी खिचडी कातळावर उलटी केली. तिचे हात भाजले, तरी तिनं मला सोडलं नाही.

आता वाजव, जाई, वाजव! टण्! पळी वाकली. जाईनं दगड घेतला. टण्! टण्! टण्! पोचे पडले, काठ टरकन फाटला. दुखलं का? अहो, जीव गेला! पण मी म्हटलं, बडव पोरी, आणखी जोरात बडव. एवढा मोठा आवाज मी उभ्या जन्मात काढला नव्हता.

डावीकडून, खालून, बारीक आवाज आला. "आलो रे!"

"उभे राहू नका!" ऊर्मी ओरडली. "बसूनच या, आवाजाकडे!"

जाईचा हात थांबला नाही. बऱ्याच वेळानं धुक्यातून नंदू सरपटत आला. विजारीचे गुडघे फाटलेले, तळहात सोललेले. आणि पहिला प्रश्न काय? "झाली का खिचडी?"

जाईनं कातळाकडे बोट दाखवलं. ऊर्मी हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मग तिनं डोळे पुसून विचारलं, "मी घसा फाटेपर्यंत हाका मारल्या. एकही ऐकू आली नाही?"

नंदू सोललेल्या तळहातांवरची माती झटकायला लागला. "आल्या."

"काय?"

"पहिल्यापासून सगळ्या आल्या. तीस वर्षं वाटाड्या होतो गं मी. वाट चुकलो म्हणायची लाज वाटली. म्हटलं, शोधू आपली आपण. मग पायाखालचा एक दगड सुटला, तो खाली पडल्याचा आवाजच आला नाही. तिथंच बसलो. तरी तोंडातून ओ फुटेना. मग जेवायला बोलावलं तुम्ही. जेवायला येण्यात कसली लाज?"

जाईनं दगड फेकून दिला आणि त्याच्या छातीवर दोन्ही मुठी हाणल्या. "यू हर्ड मी! आय थॉट यू वेअर डेड, आबा! यू हर्ड मी!"

नंदूनं तिला जवळ घेतलं. "चुकलो, बाळा," तो म्हणाला. "वाट चुकलो होतो."

मित्रांनो, जुन्या भांड्यांना नीट वागवा, त्यांच्यात मीठ भरू नका, हे तर मी सांगणारच. पण त्याहून मोठी विनंती आहे. डोंगरात असा, नाहीतर घरात, कुणी तुमच्या नावानं हाक मारत असेल, तर पहिल्याच हाकेला ओ द्या. चुकला असाल, तर तसंच सांगा. पलीकडे एखादी पोर हातात दगड घेऊन रडत असते.