नानांना चोर म्हणणारं कुलूप

मित्रांनो, मी एक जुनं कुलूप आहे. मला कडी नाही, कोयंडा नाही, चावीचं भोकसुद्धा नाही. मी राहतो एका चकतीच्या पोटात. कॉम्प्युटरवर आगगाडी चालवायचा एक खेळ होता, त्याची ही सीडी. सध्या ती फैजपूरच्या एका शेतात दादर ज्वारीच्या मधोमध बांबूला सुतळीनं टांगलेली असते आणि पाखरं हाकलते. एवढ्या शिकल्यासवरल्या कुलपावर ही पाळी का आली, तेच सांगायला बसलो आहे. चूक माझीच होती. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे मधे मधे टोकायला नको.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. तिथल्या दहा-बारा माणसांनी चार वर्षं खपून हा खेळ केला. त्यांचा आधीचा खेळ बाजारात आला, त्याच आठवड्यात चोरांनी त्याच्या नकला काढून जगभर वाटल्या होत्या. विकत घेणारा एक, फुकट घेणारे दहा. बिचाऱ्यांचं दिवाळं निघायची वेळ आली. मग कंपनीत दोन तट पडले. एक म्हणे, कुलूप लावा. दुसरा म्हणे, अहो, चोर कुलूप फोडतोच, छळ होतो तो गिऱ्हाइकाचा. खूप वादावादी झाली. शेवटी लावा म्हणणारे जिंकले आणि मी जन्मलो.

मला दोन कामं दिली. चकतीच्या आतल्या कडेला माझी एक गुप्त खूण होती. ती दिसली तरच खेळ उघडायचा, हे पहिलं. दुसरं असं, की खेळ कॉम्प्युटरवर नव्यानं बसवला की इंटरनेटवरून कंपनीला वर्दी द्यायची, आणि तीनदा बसवून झाला की चौथ्यांदा सरळ नाही म्हणायचं. तीनदाच का? ते मला ठाऊक नाही. नोकरीत असलं विचारायचं नसतं.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी जळगावच्या एका दुकानात आलो. काचेच्या कपाटात सहा महिने धूळ खात पडलो होतो. लोक यायचे, मला बघायचे, आणि शेजारी सुट्या मिळणाऱ्या नकला घेऊन जायचे. अशात एक दिवस पांढरा सदरा, पायात चकचकीत काळे बूट घातलेले एक गृहस्थ आले आणि म्हणाले, अस्सल द्या, आणि पावती पक्की द्या. दुकानदार आधी हसला आणि मग पावतीपुस्तक शोधत बसला.

ते भाईदास नाना. राहायला जळगावातच, मेहरूणला. नरडाण्याच्या स्टेशनावर पस्तीस वर्षं पॉइंट्समन होते. रूळ बदलायचे, हिरवा झेंडा दाखवायचा, गाडी पुढे सोडायची. हजारो गाड्या त्यांनी सोडल्या, पण एकही चालवली नाही. ती हौस मनात राहून गेली होती. निवृत्तीनंतर लेकीनं, डिंपलनं, कॉम्प्युटर घेऊन दिला आणि या खेळाचं सांगितलं. लेन भरून पोरं नकला खेळत होती, पण नानांचं एकच म्हणणं, की ज्यांनी गाडी बनवली त्यांनाही पोट आहे, आपण तिकीट काढूनच बसायचं. मला तर असा मालक मिळाल्याचा फार अभिमान वाटला. माझा डबा त्यांनी लोखंडी कपाटात पेन्शनच्या कागदांखाली ठेवला. त्याहून मानाची जागा त्या घरात देवालाच होती.

रोज सकाळी नऊला नाना बूट घालून गाडीवर जायचे. गाडीवर म्हणजे मधल्या खोलीतल्या खुर्चीवर. खेळातला मुलूख परदेशी, डोंगरावर बर्फ, पण नानांच्या मुखी स्टेशनं आपलीच. दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, बेटावद. बर्फातून गाडी आली की म्हणायचे, आलं अमळनेर. त्यांच्या बायको सुनंदाबाई हाका मारून दमायच्या, पण दोन स्टेशनांच्या मधे हे जेवायला उठत नसत. 'बठ्ठं थंड व्हयी गयं,' म्हणजे सगळं जेवण थंड झालं, असं त्या स्वयंपाकघरातून सांगायच्या आणि नाना उत्तर द्यायचे ते धरणगाव आल्यावर.

आता भूषणची ओळख करून देतो. भूषण त्याच लेनमधला कॉम्प्युटर दुरुस्तीवाला. मनानं चांगला, पण त्याला एकच औषध माहीत होतं. कॉम्प्युटर हळू चालला, की सगळं पुसून नव्यानं भर. एकदा कॉम्प्युटरच्या खोक्यात मुंग्या झाल्या म्हणून पुसला, एकदा लाईट गेल्यावर तो चालू होईना म्हणून पुसला. प्रत्येक वेळी मला पुन्हा बसवावं लागायचं आणि मी इमानेइतबारे कंपनीला वर्दी द्यायचो. पहिली वेळ धरून एक, दोन, तीन. नानांना यातलं काही माहीत नव्हतं, आणि सांगणं माझ्या कामात बसत नव्हतं.

भूषण आणि नाना यांचा ओट्यावर रोज वाद. भूषण म्हणायचा, नाना, याच खेळाचं कुलूप चोरांनी चौथ्या दिवशी काढलं. मी फुकट देतो, चकतीचीसुद्धा कटकट नाही. नाना म्हणायचे, फाटकाखालून वाकून जाता येतं म्हणून फाटक मोडीत काढायचं नसतं. मी कपाटात बसून माना डोलावायचो. माझेच सख्खे भाऊ त्या नकलांमधून उपटून फेकले होते, ही गोष्ट मात्र मी मनावर घेतली नाही. घ्यायला हवी होती.

डिंपलचं सासर फैजपूरचं. तिचे सासरे मोतीलालभाऊ केळीचे मोठे बागायतदार, आणि व्याह्यांची थट्टा करणं हा त्यांचा आवडता जोडधंदा. नाना भेटले की विचारायचे, काय हो नाना, पस्तीस वर्षं झेंडाच हलवलात ना? नाना हसण्यावारी न्यायचे, पण लागायचं त्यांना. त्या वर्षी दसऱ्याच्या मुहूर्तासाठी मोतीलालभाऊंनी नवा कॉम्प्युटर घेतला, तोही भूषणकडूनच. नानांनी शब्द दिला, की दसऱ्याला सोनं द्यायला येतो आणि तुमच्या कॉम्प्युटरवर गाडी चालवून दाखवतो. आठवडाभर त्यांनी सराव केला. नवा सदरा शिवला. मला पिशवीत घातलं आणि पिशवी फैजपूरपर्यंत मांडीवर ठेवली.

तिथं दिवाणखान्यात तीस माणसं जमली होती. भाऊबंद, शेजारी, शेतावरची मंडळी. विहीणबाई शेवंताबाई तबक घेऊन कॉम्प्युटरची पूजा करत होत्या. त्यांनी विचारलं, नाना, तुमच्या चकतीची पूजा करायची ना? यंत्राचा मान आज. नानांना तर ते फारच पटलं. नरडाण्याला दर दसऱ्याला ते स्वतः रूळ बदलायच्या दांड्याला हळदकुंकू लावायचे आणि पस्तीस वर्षांत एक गाडी घसरली नव्हती. मग चकतीची पुढची बाजू कोणती, यावर चर्चा झाली. ज्यात आपलं तोंड दिसतं तीच पुढची, असं सगळ्यांचं एकमत झालं. शेवंताबाईंनी त्या चकचकीत बाजूवर पाण्यात कालवलेल्या कुंकवाचं छान ठसठशीत स्वस्तिक काढलं, वर हळदीची बोटं आणि चार अक्षता. नानांनी हात जोडले आणि मला आत ढकललं.

मित्रांनो, आत काय झालं म्हणून सांगू! मी घरघर फिरू लागलो, अक्षता चारी दिशांना उडाल्या, आणि माझी गुप्त खूण बघायला जातो तर समोर सगळं लालेलाल. खूण नाही म्हणजे चकती अस्सल नाही. मला एवढंच शिकवलेलं. मी पडद्यावर पाटी झळकवली. डिंपलनं ती मराठीत वाचली: अस्सल चकती घाला. नानांनी मला काढलं, रुमालानं पुसलं, तर कुंकू आणखी पसरलं. पुन्हा आत. मी दुसरी पाटी काढली, मोठ्या लाल अक्षरांत. ही नक्कल असण्याचा संभव आहे, चोरीचा खेळ वापरणं हा गुन्हा आहे. डिंपल वाचता वाचता मधेच थांबली, पण तोवर सगळ्यांनी ऐकलं होतं.

तिनं मला नेऊन पाण्यानं धुतलं, मऊ कापडानं टिपलं. मग मी नानांची चकती ओळखली. हुश्श वाटलं सगळ्यांना. पण माझं दुसरं काम राहिलंच होतं ना! मी कंपनीला वर्दी दिली, तिकडून उत्तर आलं की या गृहस्थांचं तीनदा झालं, चौथ्यांदा नाही. झालं. मी तिसरी पाटी लावली आणि दार बंद.

तेवढ्यात भूषण पुढे आला, नवा कॉम्प्युटर जोडायला तोही आला होता. त्याच्या मनात वाईट नव्हतं हो. म्हणाला, नाना, हाच खेळ मी यात आधीच टाकून ठेवलाय. त्यानं बटण दाबलं मात्र, चोरीची गाडी शिट्टी मारून स्टेशनात हजर. ना चकती, ना पाटी, ना वर्दी. याला म्हणतात चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशी देणारा मी. मोतीलालभाऊ पोट धरून हसले आणि म्हणाले, "बसा नाना, तुमचं विकतचं अडलं, पण आमचं फुकटचं पळतंय."

नाना खुर्चीपाशी उभे होते. बसले नाहीत. व्याह्यांना एवढंच म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी एवढा बारीक कधी ऐकला नव्हता.

"मी तिकीट काढेल शे, याही. मी चोर नही."

हसणं थांबलं. नानांनी लहानथोरांना सोनं दिलं, चहाला नको म्हणाले आणि पाचच्या एसटीनं निघाले. मी पिशवीत होतो. एसटीचं तिकीट त्यांनी खिशात टाकलं नाही. जळगाव येईपर्यंत बोटांत धरून ठेवलं, कुणी बघायला मागितलं तर लगेच दाखवता यावं म्हणून. तपासनीस काही आला नाही. ती पिशवीतली वाट माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब वाट होती, आणि मला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी नाना बूट घालून गाडीवर बसले नाहीत. रेघांचा कागद घेऊन कंपनीला पत्र लिहायला बसले. पैसे परत नकोत, नवी चकती नको. फैजपूरच्या आमच्या व्याह्यांना एक पत्र लिहा, की भाईदासनं तिकीट काढलेलं आहे, तो चोर नाही. बस्, एवढीच मागणी. ते डिंपलकडे धाडलं, तिनं त्याचं इंग्रजी करून ईमेलनं पाठवलं. आपोआप उत्तर आलं, तक्रार नोंदवली. नानांनी पुढच्या सोमवारी पुन्हा लिहिलं. त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा. सुनंदाबाई म्हणाल्या, सोडा आता. नाना म्हणाले, सिग्नल मिळेपर्यंत गाडी उभीच राहते, सोडून जात नाही. अशी अकरा पत्रं झाली. कपाटात मी एकेक मोजत होतो. दुसरं करणार काय?

वांग्याच्या भरताचे दिवस आले. मोतीलालभाऊंच्या शेतात पार्टी होती. कापसाच्या काड्यांवर वांगी भाजत होती, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा ढीग लागला होता. नाना येत नव्हते, लेकीनं ओढून आणलं, आणि पिशवीत मलाही घ्यायला लावलं. आणि सगळे पानावर बसायच्या आत मोतीलालभाऊंनी कागद काढला. कंपनीचं पत्र थेट त्यांच्या नावानं आलं होतं. ते त्यांनी डिंपलला वाचायला दिलं. त्यात लिहिलं होतं, की श्री. भाईदास यांनी आमचा खेळ स्वतःच्या पैशानं घेतला आहे. ते प्रामाणिक गृहस्थ आहेत. चोर अडवायला लावलेल्या आमच्या कुलपानं चोर सोडले आणि त्यांना अडवलं, याची आम्हाला शरम वाटते. अशी पत्रं आम्हाला पुष्कळ आली, पण व्याह्यांना कळवा असं म्हणणारं हे एकच. हे कुलूप आम्ही आजपासून काढत आहोत.

मित्रांनो, माझ्या निवृत्तीचा हुकूम असा दसऱ्याच्याच त्या तीस माणसांसमोर आणि वांग्याच्या धुरात वाचला गेला. वाईट वाटलं का? खरं सांगू, नानांच्या तोंडाकडे बघितलं आणि नाही वाटलं. मोतीलालभाऊ पुन्हा वाच म्हणाले, डिंपलनं पुन्हा वाचलं. मग त्यांनी भूषणला बोलावलं आणि म्हणाले, ते फुकटचं काढ, मला विकतचं आण. भूषण मान खाली घालून हो म्हणाला.

त्या संध्याकाळी फैजपूरच्या दिवाणखान्यात नानांनी गाडी काढली. भूषणनं इंटरनेटवरून विकतचा, बिनकुलपाचा खेळ आणला होता, त्यामुळे मला आत घालायची गरजच नव्हती, मी बाजूला टेबलावर पडून बघत होतो. गाडी सुटण्याआधी मोतीलालभाऊ शेजारच्या खुर्चीवर टेकले आणि विचारते झाले, "नाना, मला तिकीट लागेल का हो?" नानांनी खिशातून दसऱ्याचं ते एसटीचं तिकीट काढून त्यांच्या हातात ठेवलं. बर्फातून गाडी निघाली आणि नरडाण्याला अगदी वेळेवर पोचली.

मग माझं काय करायचं, असा प्रश्न आला. फेकायला नानांचं मन होईना. शेवंताबाई म्हणाल्या, दादरवर पोपट फार येतात, चमकतं म्हणून टांगू. तेव्हापासून दरवर्षी हिवाळ्यात मी इथं असतो. वारा आला की फिरतो, ऊन परतवतो, पोपटांचे थवेच्या थवे उडून जातात. खरे चोर मी आयुष्यात प्रथम इथंच पळवले.

म्हणून तुम्हाला एक विनवणी. कष्टानं बनवलेल्या वस्तूचं मोल द्या, कारण फुकट नेणाऱ्यांनीच मला जन्माला घातलं. आणि उद्या मोठे होऊन तुम्ही कुलपं बनवाल, तर ती घरच्याचा पायरव ओळखतील अशी बनवा.

नाना आता थकले आहेत. तरी दादर निसवली, कणसं बाहेर पडली, की काठी टेकत बांधावर येतात. ऊन थेट त्यांच्या डोळ्यांवर पडू नये म्हणून मी जीव तोडून दुसरीकडे फिरायला बघतो, पण वाऱ्यापुढे माझं चालत नाही. डोळे बारीक करून ते माझ्याकडे बघतात आणि मग हळूच हात वर करून हलवतात. हातात झेंडा नसतो, पण मला तो हिरवाच दिसतो.