रविवारी दहा ते सहा

"स्वतःच्या हाताने गाडी चालवणारा माणूसच खऱ्या अर्थाने स्वतंत्र असतो," असं दिगंबरने जाहीर केलं, आणि उजवीकडे वळण्यासाठी वायपर सुरू केले.

आभाळ स्वच्छ होतं. नोव्हेंबरचं कोवळं ऊन टोकियोतल्या ओजिमाच्या इमारतींवर पसरलं होतं आणि भाड्याच्या पांढऱ्या गाडीची कोरडी काच वायपर कुरकुरत पुसत होते. शेजारी बसलेल्या पंढरीनाथांनी, म्हणजे त्याच्या सासऱ्यांनी, आधी काचेकडे पाहिलं, मग जावयाकडे. बत्तीस वर्षं त्यांनी साताऱ्याच्या आरटीओत ड्रायव्हिंगच्या परीक्षा घेतल्या होत्या. उमेदवार चुकला की काही बोलायचं नाही, कागदावर फक्त एक बारीक रेघ मारायची, ही त्यांची पद्धत. आज हातात कागद नव्हता. तरीही दिगंबरला रेघेचा आवाज ऐकू आला.

"इथे दांड्या उलट्या बाजूला असतात, बाबा."

"असतील ना. आमचं काही म्हणणं नाही."

ही सगळी मोहीम मागच्या सीटवरच्या सुप्रभाबाईंसाठी होती. लेकीकडे जपानला येऊन त्यांना दोन महिने झाले होते आणि त्यातले बहुतेक दिवस त्यांनी सातव्या मजल्याच्या गॅलरीतून खालच्या सायकली बघण्यात घालवले होते. गुडघे जिन्याला तयार नव्हते. मंगळवारी परतीचं विमान, आणि पोचल्यावर पंधरवड्याने ऑपरेशन. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर कामाकुराच्या महाबुद्धाचं चित्र होतं. त्याच्याकडे बघत त्या एकदाच म्हणाल्या होत्या, "एवढा मोठा देव, आणि डोक्यावर छप्पर नाही बिचाऱ्याला. जायच्या आधी भेटून आले असते."

विभाची, म्हणजे दिगंबरच्या बायकोची, रविवारी अर्धवेळ नोकरी असायची. ती सकाळी बूट घालता घालता म्हणाली, "ट्रेनने घेऊन जा. स्टेशनला लिफ्ट असते. आणि पाचला देऊळ बंद होतं, लक्षात ठेव."

दिगंबरने लिफ्टचा विषय हसण्यावारी नेला. त्याला तसं कारण होतं. तो गाडीतल्या नावीचं सॉफ्टवेअर लिहायचा. काचेखालच्या छोट्या पडद्यावर नकाशा दाखवून गोड आवाजात 'आता डावीकडे' सांगते ना, ती नावी. दोन हजार पाच साली निम्मं जपान तिच्या भरवशावर रस्त्यात होतं, आणि त्या जपानला वाट दाखवणाऱ्यांमध्ये आपण एक आहोत, या विचाराने दिगंबरला कोतो भागातल्या ऑफिसात रोज सकाळी नव्याने बरं वाटायचं. खरं सांगायचं तर, चाळीस माणसांच्या त्या टीममध्ये त्याच्याकडे एकच कोपरा होता: कुठला रस्ता कधी वाहनांना बंद असतो, एवढाच. पण एकच कोपरा सांभाळणाऱ्याला आख्खं घर आपलं वाटतं. असा माणूस सासूला ट्रेनने नेणार?

"लायसन इथलंच ना?" हायवेला लागल्यावर पंढरीनाथांनी विचारलं.

"हो. इथे परत परीक्षा देऊन घ्यावं लागतं."

"कितव्या खेपेला मिळालं?"

समोरचा ट्रक फार महत्त्वाचा असल्यासारखं दिगंबर त्याच्याकडे बघत राहिला. "चौथ्या."

"चौथ्याला पास होणाऱ्याला आम्ही स्वतः चहा पाजायचो," पंढरीनाथ म्हणाले. "चिकाटीबद्दल."

कामाकुरात ते पावणेतीनला पोचले. आठशे वर्षांपूर्वीची ती राजधानी. ज्यांनी गल्ल्या आखल्या त्यांच्या डोळ्यांसमोर घोडे होते, आणि घोडेही अंगाने बेताचे असावेत. पार्किंगच्या प्रत्येक तुकड्यावर एक लाल अक्षर पेटलेलं होतं. सहा वर्षांत जी काही जपानी अक्षरं दिगंबरला एका नजरेत ओळखू यायला लागली होती, त्यातलं हे पहिलं: भरलं.

त्यांनी एक फेरी मारली. मग दुसरी. तिसऱ्या फेरीला नाक्यावरच्या मिठाईच्या दुकानातली म्हातारी गाडीकडे बघून किंचित वाकली. चौथ्या फेरीला सुप्रभाबाईंनी तिला हात केला.

"ओळख झाली बाई एक," त्या समाधानाने म्हणाल्या.

सव्वाचार झाले. सासूबाई काही मागत नव्हत्या, कुरकुरत नव्हत्या, हेच जास्त अवघड होतं. आरशात त्या मांडीवरच्या पिशवीतला हार अधूनमधून चाचपताना दिसत होत्या. तो त्यांनी काल संध्याकाळी गॅलरीतल्या शेवंतीचा स्वतः ओवला होता.

तेवढ्यात नावी, दिगंबरच्याच कंपनीची, बोलली. तीनशे मीटरवर डावीकडे वळा, देवळाजवळ पोचायला सहा मिनिटं.

"काय म्हणते बाई?" सुप्रभाबाईंनी विचारलं.

"आतला रस्ता आहे म्हणते, आई. सहा मिनिटांत दारात."

"मग ऐका तिचं. आवाजावरून घरंदाज वाटते."

डावीकडच्या गल्लीच्या तोंडाशी खांबावर एक गोल पाटी होती. पंढरीनाथ पुढे वाकले.

"दिगंबरराव, लाल कडं आणि आत नुसतं पांढरं. म्हणजे वाहनांना दोन्हीकडून बंद. आपल्याकडेही हेच चिन्ह आहे. यावर मी वकील नापास केलेत."

"बाबा, त्याच्याखाली छोटी पाटी असते. कधी बंद, कुणाला बंद, ते तिच्यावर लिहिलेलं असतं. ते सगळं बघूनच नावी रस्ता सांगते."

"तुम्ही वाचलीत ती?"

"मी कशाला वाचू? नावीला माहीत असतं."

"आणि नावीला कोण सांगतं?"

"आम्ही!" दिगंबर अभिमानाने म्हणाला, आणि वळला.

पंढरीनाथांनी बोटाने गुडघ्यावर एक बारीक रेघ ओढली.

गल्ली गाडीपेक्षा दोन वीत रुंद होती आणि माणसांनी ओसंडत होती. आइस्क्रीम खाणारी, पंखे निवडणारी, कुत्र्यांना बाबागाडीत फिरवणारी माणसं. गाडी दिसताच ती दुकानांच्या भिंतींना चिकटून उभी राहिली. कुणी ओरडलं नाही. एका बाईने तर गाडीचीच माफी मागितली. आपल्याकडे एव्हाना कुणीतरी बॉनेटवर थाप मारून दिगंबरच्या घराण्याची चौकशी केली असती, आणि त्याला किती मोकळं वाटलं असतं!

मागे पाहिलं, तर गर्दी परत मिटली होती. मागे जाणं शक्य नव्हतं.

"हॉर्न?" पंढरीनाथांनी विचारलं.

"नको बाबा. इथे हॉर्न म्हणजे शिवी."

"मग पाय ब्रेकवर ठेवा आणि चेहरा दिलगीर ठेवा."

आणि मग मध्येच एका खांबावर तीच पाटी पुन्हा दिसली. या वेळी तिच्याखालचे आकडे वाचण्यापुरता वेळ होता, कारण गाडी मुंगीच्या चालीने चालली होती. रविवार, दहा ते सहा. हे आकडे त्याने याआधी पाहिले होते. मार्च महिन्यात टीममधल्या अबोलीने, टेस्टिंग करणाऱ्या मुलीने, चूक नोंदवली होती: रविवारी दहा ते सहा बंद असणाऱ्या बाजारगल्ल्या आपल्या नकाशात उघड्या दिसतात. त्याखाली दिगंबरने स्वतः उत्तर लिहिलं होतं: 'रविवारी अशा गल्लीत गाडी घालणारा माणूस आपला ग्राहक नव्हे. दुरुस्तीची गरज नाही.' त्या वाक्यावर मीटिंगमध्ये टीमचे साहेब हायाशी-सान हसले होते. हायाशी-सान वर्षातून दोनदा हसत. पुढचे तीन दिवस दिगंबर हवेत होता.

मागून डावीकडची काच खाली गेल्याचा आवाज आला. सुप्रभाबाईंनी हात जोडले होते. भिंतीला टेकलेली माणसं दबकून वाकत होती आणि त्या प्रत्येकाला नमस्कार घालत होत्या.

"किती अगत्य हो यांच्यात! ओळख ना पाळख."

तेवढ्यात हिरवं जाकीट घातलेला सत्तरीचा एक म्हातारा लाल दिव्याची कांडी घेऊन गाडीपुढे आला. दुकानदारांच्या मंडळाचा रखवालदार. तो रागावला नाही. गाडीकडे पाठ करून तो पुढे चालू लागला, आणि कांडी हलवत, डावी-उजवीकडे वाकत, गाडीच्या वतीने सगळ्यांची क्षमा मागू लागला. मिरवणूक निघाली. फक्त ताशा नव्हता.

गल्ली संपली तिथे म्हाताऱ्याने गाडी कडेला घ्यायला लावली. दिगंबर उतरला आणि कमरेत वाकला.

"नावीने सांगितलं का?" म्हाताऱ्याने शांतपणे विचारलं.

"हो."

त्याने खिशातून एक छोटी वही काढली आणि तारीख, वेळ, गाडीचा रंग लिहिला. वही जवळजवळ भरली होती. "दर रविवारी दोन-तीन येतात. त्यांची चूक नसते. हे नकाशे करणारे लोक एकदा इथे येऊन उभे राहिले, तर बरं होईल."

चार वाजून अडतीस मिनिटं झाली होती. मान हलवून, आभार मानून निघता आलं असतं. पण दिगंबरने मागे पाहिलं. पंढरीनाथ काचेतून त्याच्याकडे बघत होते, परीक्षक बघतो तसे.

"मी आलोय," तो म्हणाला. "म्हणजे, तो मीच. हा भाग माझ्याकडे आहे. मला मार्चमध्येच कळवलं होतं. मी नको म्हटलं, आणि वर साहेबांना हसवलं."

म्हाताऱ्याने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तो इतका वेळ न्याहाळत होता की दिगंबरने पुन्हा एकदा वाकून घेतलं. तेवढ्यात पंढरीनाथ उतरून आले. त्यांना जपानीचं अक्षर कळत नव्हतं, पण अंगाचा कोन त्यांनी ओळखला.

"कबूल केलंत वाटतं. बरं केलंत. आता यांना विचारा, गाडी कुठे लावू. तुमची सासू दाराशी येऊन परत जायला नको."

दिगंबरने विचारलं. सासूबाईंचे गुडघे, मंगळवारचं विमान, पाचची वेळ, सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने खिडकीतून सुप्रभाबाईंकडे पाहिलं. त्यांनी लगेच हात जोडले. त्यानेही जोडले.

"माझं घर देवळाच्या फाटकासमोर आहे," तो म्हणाला. "गाडी मी काढून टाकली. जागा रिकामी आहे. पण ही वही उद्या तुमच्या ऑफिसात गेली पाहिजे. ज्याने हसून सोडून दिलं असेल, त्याच्या टेबलावर."

म्हणजे हायाशी-सानच्या टेबलावर. आणि वाटेत अबोलीचं टेबल लागणार. दिगंबरने दोन्ही हातांनी वही घेतली.

जागा दोन भिंतींमध्ये होती आणि गाडी उलटी घालायची होती. डावीकडे म्हातारा उभा राहिला, उजवीकडे पंढरीनाथ.

"ओराय, ओराय," म्हातारा म्हणाला.

"येऊ द्या, येऊ द्या," पंढरीनाथ म्हणाले.

"ओराय, ओराय."

"येऊ द्या... अहो, उजवं चाक! आमच्या परीक्षेत इथेच माणसं घसरायची. येऊ द्या... बास!" आणि दोघांनी एकाच वेळी डिकीवर थाप मारली. मग एकमेकांकडे बघून असे हसले, जणू एकाच खात्यातून निवृत्त झाले होते.

फाटक चाळीस पावलांवर होतं. जिना नव्हता. सुप्रभाबाई एका हाताने जावयाचा दंड धरून, दुसऱ्या हातात हार सांभाळत चालल्या. आत गेल्या तेव्हा बारा मिनिटं उरली होती.

बुद्ध बसला होता. हिरवट, अवाढव्य, डोळे अर्धे मिटलेले, मागे डोंगर आणि डोक्यावर नुसतं आभाळ. सुप्रभाबाईंनी हार पायथ्याशी ठेवला आणि उभ्या राहिल्या. चार खेपांचं लायसन, पाऊण शहराला घातलेल्या फेऱ्या, उद्याची हायाशी-सानची मुद्रा, सगळं वसूल झालं असं त्याला वाटलं. पंढरीनाथांनीही त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात पास झालेल्या उमेदवारासाठीचा होता.

सुप्रभाबाईंनी पदराने डोळे टिपले आणि वळल्या.

"दिगंबरराव, एक मागू का? रागावणार नाही ना?"

"मागा ना, आई. काहीही मागा."

"जाताना गाडी त्याच गल्लीतून घ्या हो. येताना मी डाव्या खिडकीशी होते. उजवीकडच्या मंडळींना माझा नमस्कार करायचा राहिलाय."